दहा बाय दहाच्या खोलीत बाळाची जागा

बालदोस्तांनो, भोसरी, चिखली किंवा चाकणच्या एखाद्या चाळीतली खोली डोळ्यांसमोर आणा. (तुमच्यापैकी काही जणांना डोळे मिटायचीही गरज नाही, तिथेच बसून हे वाचताय ना!) दहा फूट लांब, दहा फूट रुंद. वर पत्रा. एका भिंतीला ओटा, ओट्यावर गॅस आणि वर भांड्यांची मांडणी. दुसऱ्या भिंतीला लोखंडी कपाट, कपाटावर बॅगा आणि बॅगांवर गणपतीच्या आराशीचं खोकं. मधे एक पलंग. पलंगाखाली धान्याचे डबे. दारामागे खिळ्याला बाबांचं हेल्मेट.

या खोलीत आई, बाबा, आजी आणि तुम्ही राहता. आता इथे आणखी एक पाहुणा येणार आहे. वजन साधारण तीन किलो, उंची वीस इंचांच्या आसपास. सामान जवळजवळ नाही. चोवीस तासांपैकी चौदा ते सतरा तास तो झोपणार. झोपही सलग नाही, दोन-तीन तासांच्या तुकड्यातुकड्यांनी. प्रश्न एवढाच, की झोपणार कुठे?

घरात चर्चा सुरू होते. आजी म्हणते, "त्यात काय विचारायचं? तुझा बाप लुगड्याच्या झोळीतच वाढला." बाबा म्हणतात, "पलंगावर आपल्यात घेऊ की." शेजारच्या काकू त्यांच्या भाचीचा स्प्रिंगचा पाळणा देऊ करतात. आत्या दुकानातल्या मऊमऊ, फुगीर, झालरीच्या बिछान्याचं चित्र दाखवते. आई बिचारी काहीच बोलत नाही. ती मनातल्या मनात हिशेब करत असते, की बाबांची थर्ड शिफ्ट असली की ते सकाळी येऊन दुपारपर्यंत झोपणार. मग बाळ कुठे, बाबा कुठे आणि स्वयंपाक कुठे?

ही चर्चा मोठ्यांची आहे असं समजून बाहेर खेळायला पळू नका. बाळाची झोपायची जागा निवडणं हे खरंच महत्त्वाचं काम आहे, आणि त्यात ताई-दादाचा मोठा वाटा असू शकतो. आई-बाबांनो, हा लेख तुम्हीही मुलांच्या शेजारी बसून वाचा.

आधी एक प्रयोग

सरबत प्यायची एक नळी घ्या. तिच्यातून फुंका. हवा सहज जाते. आता नळी मधोमध वाकवा आणि पुन्हा फुंका. गाल दुखतील, पण हवा जाणार नाही.

तान्ह्या बाळाची श्वासनलिका या नळीसारखीच अरुंद आणि मऊ असते. शिवाय बाळाचं डोकं त्याच्या मानाने फार मोठं. आपल्या उंचीत डोक्याचा वाटा सातवा-आठवा, बाळाच्या उंचीत मात्र जवळजवळ चौथा! हे जड डोकं पेलण्याइतका मानेत जोर नसतो. त्यामुळे बाळ अर्धवट बसल्यासारखं वाकून झोपलं, की हनुवटी छातीला टेकते आणि आपल्या नळीसारखी आतली वाट दुमडते. मोठा माणूस अशा वेळी जागा होऊन मान सरळ करतो. दोन महिन्यांच्या बाळाला ते जमत नाही. ते रडतही नाही, कारण रडायलाही श्वास लागतो.

दुसरी गोष्ट नाकाची. तोंडावर पांघरूण आलं तर आपण ते हाताने बाजूला करतो. तान्हं बाळ हात हलवतं, पण त्या हातांना अजून कामं शिकवलेली नसतात. उशी, जाड रजई, मऊ अस्वल, यांपैकी काहीही नाकाशी आलं, तर बाळ स्वतःला सोडवू शकत नाही.

या दोन गोष्टी लक्षात ठेवल्यात, तर पुढचं सगळं आपोआप कळेल.

उताणं की पालथं?

आता एक खरी हकिकत ऐका. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया अशा देशांत बाळांना पोटावर, म्हणजे पालथं निजवायचा सल्ला दिला जाऊ लागला. डॉ. बेंजामिन स्पॉक यांचं बालसंगोपनाचं पुस्तक तेव्हा घराघरांत असे. त्यातही १९५०च्या दशकाच्या अखेरीस हाच सल्ला आला. कारण वरवर पटण्यासारखं होतं : बाळ उताणं असताना ओकलं तर गुदमरेल.

पण त्या देशांत धडधाकट बाळं झोपेतच दगावण्याचं प्रमाण वाढत गेलं. रात्री दूध पिऊन झोपलेलं बाळ सकाळी उठतच नसे. त्याला 'पाळण्यातला मृत्यू' म्हणू लागले. कारण कुणाला कळेना. मग १९८५ साली हाँगकाँगमध्ये काम केलेल्या डी. पी. डेव्हिस या डॉक्टरांनी एक साधं निरीक्षण मांडलं. हाँगकाँगमध्ये घरं लहान, गर्दी खूप, तरी असे मृत्यू फारच कमी. आणि तिथे बाळांना उताणं निजवायची रीत!

ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, हॉलंड आणि इंग्लंडमध्येही अभ्यास झाले. उत्तर तेच आलं. १९९१ साली न्यूझीलंड आणि इंग्लंडमध्ये आणि १९९४ साली अमेरिकेत 'बाळाला पाठीवर निजवा' अशी मोहीम सुरू झाली. इंग्लंडमध्ये थोड्याच वर्षांत असे मृत्यू निम्म्याहून कमी झाले, अमेरिकेतही सुमारे निम्म्यावर आले. ना नवं औषध, ना शस्त्रक्रिया. फक्त बाळाला पालथं न घालता उताणं घालायचं!

या हकिकतीचा शेवट मात्र चटका लावणारा आहे. २००५ साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी जुने सगळे अभ्यास पुन्हा तपासले. त्यांना दिसलं, की पालथं निजवणं धोक्याचं आहे हे १९७०च्या सुमारासच ओळखता आलं असतं. ते वेळेवर कळलं असतं तर युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड मिळून पन्नास हजारांवर बाळं वाचली असती, असा त्यांचा अंदाज आहे. पुस्तकात छापलेलं आणि मोठ्या माणसाने सांगितलेलंही तपासून पाहावं लागतं, ते यासाठी.

"पण ओकारीचं काय?" आजी विचारेल, आणि तिचं विचारणं बरोबरच आहे. तर ऐका. बाळ उताणं असतं तेव्हा श्वासनलिका वर असते आणि अन्ननलिका तिच्या खाली. दूध वर आलं तरी ते खालच्या बाजूला राहतं, चढ चढून श्वासनलिकेत सहज जात नाही. पालथं घातलं की हेच उलटं होतं. मात्र दूध पाजल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढायची आजीची रीत चालूच ठेवायची.

पालथं घालायचंच नाही का? घालायचं, पण बाळ जागं असताना आणि समोर कुणीतरी बसलेलं असताना. त्याने मान आणि खांदे मजबूत होतात. 'जागेपणी पालथं, झोपताना उताणं' हे घरातल्या सगळ्यांना पाठ करायला लावा.

कडक, सपाट, रिकामं

बाळाच्या अंथरुणासाठी तीन शब्द पुरे : कडक, सपाट, रिकामं.

कडक म्हणजे दगडासारखं नव्हे. तळहात दाबा आणि उचला. खड्डा तसाच राहिला तर अंथरूण फार मऊ. लगेच सपाट झालं तर चालेल. घट्ट शिवलेली, पातळ, सुती गोधडी एकपदरी पसरली तर छान काम देते. चार गोधड्या एकावर एक घातल्या की ती गादीच होते.

सपाट म्हणजे उतार नको. डोक्याकडे उंच आणि पायाकडे खाली असे 'आरामशीर' झोपाळे परदेशात फार खपले. त्यांत बाळं दगावल्यावर २०१९ साली अमेरिकेत एका मोठ्या कंपनीला ते लाखोंनी परत घ्यावे लागले. २०२२ साली तिथे कायदाच झाला : दहा अंशांपेक्षा जास्त उतार असलेले बाळांचे बिछाने विकायचे नाहीत. पाळण्याच्या कडेने बांधायच्या मऊ गाद्यांवरही त्याच कायद्याने बंदी आली. आत्याच्या चित्रातली झालर आठवली ना?

रिकामं म्हणजे बाळाशिवाय तिथे काही नको. उशी नको, खेळणं नको, पायाशी घडी करून ठेवलेली रजई नको. इथे आजीशी थोडा वाद होणार, कारण आपल्याकडे डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी देतात. आजीला हळूच सांगा, की डोकं एका बाजूला चपटं होऊ नये म्हणून दुसरा उपाय आहे. रोज बाळाचं डोकं आलटून पालटून दुसऱ्या दिशेला ठेवायचं. बाळ उजेडाकडे आणि आवाजाकडे वळून बघतं, त्यामुळे मानही दोन्ही बाजूंना फिरते. मोहरी फोडणीला वापरू!

आणि गळ्यात काही नको. काळा दोरा, दृष्टमणी, कुंचीच्या लांब नाड्या, काहीही झोपताना गळ्याभोवती नसावं.

झोळी, पाळणा, पलंग की जमीन?

पाळणा म्हटलं की आपल्याला बारसं आठवतं. चाकणहून नाशिक रस्त्याला लागलं की पुढे जुन्नरजवळ शिवनेरी किल्ला आहे. १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवरायांचा जन्म जिथे झाला, त्या वास्तूतही पाळणा ठेवलेला आहे. शिवजयंतीला घरोघर, शाळाशाळांत पाळणा गातात. पाळणा आपल्याला परका नाही.

लाकडी किंवा लोखंडी पाळणा चांगलाच, पण तो तपासायला हवा. दोन गजांमधलं अंतर सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. अमेरिकेत १९७०च्या दशकापासून हा नियम आहे. कारण अंतर जास्त असलं, की बाळाचं अंग त्यातून निसटतं आणि डोकं अडकतं. कंपासपेटीतली पट्टी काढा आणि स्वतः मोजा. गादी आणि पाळण्याची कड यांच्यात दोनपेक्षा जास्त बोटं जात असतील, तर गादी लहान आहे. एक बाजू खाली सरकणारे जुने पाळणे अमेरिकेत २०११पासून विकायला बंदी आहे, कारण सरकती बाजू निखळते आणि त्या फटीत बाळ अडकतं. काकूंनी दिलेला पाळणा तसा असेल, तर हसून 'नको' म्हणायचं.

आता झोळी. झोळीत बाळ पटकन शांत होतं, हे खरं. गर्भात असल्यासारखं गुरफटलेलं आणि वर झोका! खोलीत जागाही लागत नाही. पण कापड खाली झोळ खातं, बाळ त्यात धनुष्यासारखं वाकतं आणि हनुवटी छातीला टेकू शकते. आपली वाकवलेली नळी आठवा. शिवाय झोळीची दोन्ही पाखं मिटतात आणि बाळाचं तोंड बाहेरून दिसतही नाही. म्हणून रडणाऱ्या बाळाला समोर बसून, तोंड बघत दोन झोके द्यायला हरकत नाही, पण रात्रभराच्या झोपेसाठी झोळी नको. झोप लागली की उचलून सपाट जागी ठेवायचं. स्प्रिंगच्या कापडी पाळण्यालाही हाच नियम.

आणि आता हे खास तुमच्यासाठी, मोठ्या मुलांसाठी. रिकाम्या झोळीत बसून गोल गोल फिरायला फार मजा येते, नाही का? कापडाला पीळ बसतो आणि मग सुर्रकन उलगडतो. हाच पीळ गळ्याभोवती बसून मुलं दगावल्याच्या घटना आपल्या देशातल्या डॉक्टरांनी नोंदवल्या आहेत. त्यात शाळेत जाणारी मुलंही आहेत. बाळ झोळीत नसेल, तेव्हा झोळी सोडून घडी करून ठेवायची. हे काम तुमचं.

पलंगाचं काय? आई-बाबांच्या मधे बाळ हे चित्र प्रेमळ असलं, तरी त्यात धोके आहेत. मोठ्यांच्या उशा, मोठ्यांची पांघरुणं, पलंग आणि भिंत यांच्यातली फट आणि मोठ्यांचं वजन. बाळाने आईजवळ, एकाच खोलीत झोपावं, निदान पहिले सहा महिने तरी, याबद्दल डॉक्टरांचं दुमत नाही. दूधही वेळेवर पाजता येतं. पण अंथरूण मात्र वेगळं असावं, असं अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ सांगतात.

आपल्याकडे शतकानुशतकं बाळं आईच्या कुशीत झोपत आली आहेत. दूध पाजता पाजता आईचा डोळा लागतोच. म्हणून निदान एवढं तरी कुणी मोडू नये : घरात कुणी विडी-सिगरेट ओढत असेल, दारू प्यायलं असेल, झोपेच्या गोळ्या घेतल्या असतील, किंवा बाळ अपुऱ्या दिवसांचं किंवा कमी वजनाचं असेल, तर त्याला मोठ्यांच्या अंथरुणात झोपवायचंच नाही. सोफ्यावर तर कुणीच बाळाला घेऊन झोपायचं नाही. सोफ्याची फट सगळ्यांत वाईट.

इथेच थर्ड शिफ्टचा प्रश्न येतो. रात्रभर मशीनसमोर उभे राहिलेले बाबा सकाळी घरी येतात. बाळाला बघून थकवा पळतो. ते त्याला छातीवर घेऊन आडवे होतात आणि पाच मिनिटांत घोरू लागतात. दमलेल्या माणसाची झोप दगडासारखी असते. बाळ घसरलं तरी त्यांना कळणार नाही. अशा वेळी तुम्ही काय करायचं? बाबांना हाक मारून उठवायचं, आणि आईने किंवा आजीने बाळाला त्याच्या जागेवर ठेवायचं. बाबा रागावणार नाहीत. रागावले तर त्यांना हा लेख वाचायला द्या!

मग दहा बाय दहाच्या खोलीत सोपा उपाय कोणता? जमीन! आईचं अंथरूण खाली, त्याला लागून बाळाची वेगळी पातळ गोधडी, आईच्या हाताच्या अंतरावर. जमिनीवरून पडायची भीती नाही. मात्र पावसाळ्यात ओल येते, म्हणून खाली चटई आणि त्यावर सतरंजी हवी. दुधाने ओलं झालेलं दुपटं लगेच बदलायचं, नाहीतर मुंग्या येतात. उंदीर-मांजराची वाट बंद हवी. आणि अंधारात कुणाचा पाय पडू नये म्हणून मंद दिवा हवा.

कंपनीच्या लाकडाचा पाळणा

आपल्या भागातली आणखी एक गंमत सांगतो. चाकण-भोसरीच्या कारखान्यांत परदेशातून यंत्रांचे भाग पाइनवूडच्या पेट्यांमधून येतात. रिकाम्या पेट्यांच्या लाकडापासून पलंग, टेबलं, देव्हारेसुद्धा बनतात. हौशी बाबांनी त्यातून बाळासाठी छोटा बिछाना करायचं ठरवलं, तर छानच. पण आधी तुम्ही गुप्तहेर व्हा.

पेटीच्या फळीवर गव्हाच्या लोंबीचा एक शिक्का शोधा. एका देशातली कीड लाकडातून दुसऱ्या देशात जाऊ नये, म्हणून जगभर हा शिक्का मारतात. त्यात इंग्रजी दोन अक्षरं असतात. 'एचटी' असेल तर लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस तापवून निदान ३० मिनिटं तसंच ठेवलेलं आहे. 'एमबी' असेल तर त्यावर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे. 'एमबी'ची फळी बाळासाठी नको. 'एचटी'ची असली, तरी तेलाचे किंवा रसायनांचे डाग पडलेली नको. शिक्काच नसेल किंवा पुसट असेल, तरीही नको. खिळे काढा, कुसळं राहणार नाहीत इतकं पॉलिशपेपरने घासा.

रंगही जपून. २०१६च्या नियमांनुसार भारतात घरगुती रंगातलं शिसं दहा लाख भागांत नव्वद भागांपेक्षा जास्त चालत नाही. पण हा नियम घरगुती आणि सजावटीच्या रंगांसाठी आहे. कंपनीत यंत्रांना लावायचा उरलेला रंग बाळाच्या पाळण्याला लावायचा नाही. बाळ मोठं झालं की ते पाळण्याची कड चावणारच. शिसं पोटात गेलं तर मेंदूच्या वाढीला धोका.

धुरी, शेगडी आणि डास

बाळंतिणीच्या खोलीत शेगडी, ओवा-वावडिंगाची धुरी आणि बंद खिडक्या, ही जुनी पद्धत. जुन्या घरांना मोठी दारं, कौलांच्या फटी होत्या. धूर निघून जायचा. आताच्या बंद खोलीत जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड वायू साठतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला तो उठूच देत नाही. म्हणून झोपायच्या खोलीत पेटती शेगडी कधीच नको. धुरीचा धूर बाळाच्या कोवळ्या फुप्फुसांनाही सोसत नाही. डास पळवायच्या अगरबत्तीचंही तेच.

डास तर आपल्याकडे पुष्कळ. पवना-इंद्रायणीच्या काठच्या लोकांना वेगळं सांगायला नको. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणून बाळाला दिवसाही मच्छरदाणी हवी. ती ताणलेली असावी, कडा अंथरुणाखाली खोचलेल्या असाव्यात आणि जाळी बाळाच्या तोंडाशी लोंबू नये. बाळ धरून ओढायला लागलं की छत्रीसारखी छोटी जाळी काढून मोठी टांगायची.

ऊन आणि थंडी दोन्हींचा विचार हवा. एप्रिल-मे महिन्यांत पत्रा तापतो. तेव्हा बाळाला एक सुती झबलं पुरे, टोपडं आणि लोकर नको. घाम, लाल गाल, तापलेली छाती ही फार कपडे झाल्याची खूण. डिसेंबरच्या रात्री पातळ कपड्यांचे थर वाढवायचे, पण सुटी रजई टाळायची. दुपट्यात गुंडाळलं तर छातीशी फार आवळायचं नाही. आणि बाळ कुशीवर वळायची खटपट करू लागलं, की गुंडाळणं बंद.

गडचिरोलीची पिशवी

पांघरूण नाही तर ऊब कशी मिळणार? याचं एक उत्तर आपल्याच महाराष्ट्रात सापडलं. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची 'सर्च' ही संस्था आहे. तिथे मैलोन्‌मैल दवाखाना नसे. बाळं घरातच जन्मायची, आणि पुष्कळशी पहिल्या महिन्यातच जायची. १९९५पासून ३९ गावांमध्ये गावातल्याच बायकांना शिकवून 'आरोग्यदूत' केलं गेलं. त्या घरी जाऊन बाळाचं वजन करत, ताप मोजत, श्वास मोजत. त्यांच्या पिशवीत थर्मामीटर आणि वजनकाट्याबरोबर आणखी एक साधी वस्तू असे : बाळाला घालायची उबदार कापडी झोपण्याची पिशवी. बाळ पिशवीत, तोंड बाहेर. ऊबही मिळते आणि नाकावर काही येतही नाही.

अशा सगळ्या उपायांनी मिळून त्या गावांत जन्माच्या पहिल्या महिन्यात दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण हजारी ६२ वरून २५वर आलं. १९९९ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात हा अभ्यास छापून आला. २०११पासून आशाताई देशभर नव्या बाळांच्या घरी भेटी देतात, त्याची मुळं या कामात आहेत. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येते. तुमच्या घरी आली, की तिला बाळाची जागाही दाखवा आणि 'बरोबर आहे का?' असं विचारा.

जगात इतरांनीही अशाच युक्त्या केल्या. फिनलंडमध्ये १९३८पासून गरजू आयांना आणि १९४९पासून सगळ्याच आयांना सरकार बाळाचे कपडे भरलेलं एक खोकं देतं. तळाला बेताची गादी असते. कपडे काढले, की खोकं हाच बाळाचा पहिला बिछाना! न्यूझीलंडमधल्या माओरी लोकांना बाळ जवळ घेऊनच झोपायची सवय. त्यांना 'असं करू नका' म्हणून कुणी ऐकेना. मग तिथल्या लोकांनी पातींची विणलेली, सपाट तळाची परडी तयार केली. ती अंथरुणातच ठेवायची. बाळ आईजवळही आणि स्वतःच्या जागेतही. २०११ साली ख्राइस्टचर्चला भूकंप झाला, तेव्हा प्लॅस्टिकच्या साध्या डब्यांत मापाची गादी घालून असेच बिछाने वाटले. जागा लहान असली तरी चालते, ती बाळाची स्वतःची असली पाहिजे.

आता नकाशा काढा!

बाबांच्या कंपनीत ४ मार्चला सुरक्षा दिन साजरा होतो. मशीन सुरू करण्याआधी चेकलिस्ट भरतात. आपणही तसंच करू. गणिताच्या वहीचं चौकटींचं पान घ्या. एक चौकट म्हणजे अर्धा फूट. खोलीचा नकाशा काढा. दार, खिडकी, ओटा, गॅस, पलंग, कपाट, पंखा, विजेचे बोर्ड, सगळं दाखवा. मग लाल पेन्सिल घ्या. वरून काही पडू शकेल अशी जागा लाल करा : मांडणीखालची, कपाटासमोरची. गॅसजवळची लाल. वायर लोंबत असेल तिथे लाल. दाराची वाट लाल, कारण तिथे पाय पडतात. पलंग आणि भिंत यांमधली फटही लाल.

जी पांढरी जागा उरेल, तिच्यात दोन फूट बाय तीन फुटांचा चौकोन बसतो का पाहा. बसत नसेल तर लाल कसं कमी करता येईल ते शोधा. कपाटावरचं आराशीचं खोकं पलंगाखाली जाईल का? मांडणीतली जड भांडी खालच्या फळीवर येतील का? बऱ्याच कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते. त्या दिवशी बाबांना बरोबर घेऊन हे काम उरकून टाका. बाबांची नाईट असेल त्या आठवड्यासाठी दिवसाचा वेगळा नकाशा काढा. ते पलंगावर झोपतील तेव्हा बाळ आणि आई खाली कुठे असतील, ते आधीच ठरलेलं बरं.

आई बऱ्याचदा माहेरी बाळंतपण करून महिन्या-दोन महिन्यांनी येते. तेवढा वेळ तुमच्या हातात आहे.

आणि बाळ आलं, की तुमची रोजची ड्यूटी सुरू. झोपलेल्या बाळाजवळून जाताना तीन गोष्टी पाहायच्या : उताणं आहे ना? नाक मोकळं आहे ना? अंथरूण रिकामं आहे ना? बाळाला आपण उचलायचं नाही, मोठ्यांना हाक मारायची. बाळाचे ओठ निळसर दिसले, श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल, किंवा बाळ दूध ओढत नसेल, तर एक मिनिटही न थांबता मोठ्यांना सांगायचं. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका फुकट येते. तो नंबर कपाटावर मोठ्या अक्षरांत चिकटवून ठेवा.

संध्याकाळी बाबा सेकंड शिफ्टला निघतील, आजीचा डोळा लागेल, आई भाकरी थापत असेल. पांढऱ्या चौकोनात तीन किलोंचा पाहुणा मुठी मिटून उताणा झोपला असेल. तुम्ही अभ्यासाची वही उघडण्याआधी एकदा मान वळवून बघाल : उताणं, मोकळं, रिकामं. झालं. आता खुशाल गणितं सोडवा.